सर्वांत इमानी गिऱ्हाईक

४ एप्रिल

दादा,

'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तू पाकीट न फोडता परत पाठवलं असतंस. 'प्रिय' लिहिलं असतं तर वहिनी म्हणाल्या असत्या, चार वर्षांनी हिला माया कुठून फुटली, नक्की काहीतरी काम असणार. वहिनींचा अंदाज नेहमीप्रमाणे बरोबर आहे. काम आहे. म्हणून नुसतंच दादा.

फोन करून पाहिला. चार वर्षांत किती वेळा केला ते सांगत नाही. मोजत बसण्याची माझी खोड तुला मुळात आवडत नाही. पत्राचं बरं असतं, त्याला कोणी उचलावं लागत नाही, ते दाराखालून आपणहून आत येतं.

माझ्या खोलीच्या दारावर आता पाटी आहे: 'ग्राहक माहिती विभाग'. विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि एक पंखा. तिघांत सर्वांत जास्त आवाज पंख्याचा. (दुसरा नंबर कोणाचा, हे तू विचारणार, ते माहीत आहे.) कोण काय घेतं, कधी घेतं, परत येतं का, हे बिलांवरून शोधायचं आणि दर सोमवारी कंपनीच्या नऊ दुकानांच्या नऊ मॅनेजरांना एकेक तक्ता पाठवायचा, एवढं माझं काम. मॅनेजर त्या तक्त्याचं काय करतात, तेही मी शोधून काढलं आहे. वजनकाटा, जो मॅनेजर प्रत्येक शब्द तोलून टाकतो, तो त्याची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालतो. नदीपलीकडचं दुकान सांभाळणाऱ्या मावशी त्याने काचा पुसतात. शाईचा कागद काचेला चांगला, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. होकायंत्र, ज्याची सुई साहेब बसतील तिकडे वळते, तो साहेब येणार असले की तक्ता टाचणीने भिंतीवर लावतो. साहेब गेले की काढतो. टाचणी तेवढी जपून ठेवतो.

परवा साहेबांनी बोलावून सांगितलं, "एकतीस जुलैपर्यंत नऊच्या नऊ मॅनेजरांनी तक्ता बघून घेतलेला एकेक निर्णय मला दाखवा. नाहीतर विभाग गुंडाळू. चौकातल्या दुकानाचं काय करायचं, तेही त्याच दिवशी ठरवून टाकू."

चौकातलं दुकान म्हणजे तुझं. तू एकवीस वर्षं चालवलंस, तू गेल्यावर अर्धं उरलं. आता ते अर्धंही.

तेव्हा काम असं: त्या नवांपैकी आठ जण तुझ्या हाताखाली शिकले. तू एक शब्द टाकलास तर माझे तक्ते निदान टेबलाच्या वर येतील. तुझ्याकडे एवढंच मागते. बाकी जे झालं त्याबद्दल मी काही उकरणार नाही. चार वर्षांपूर्वी मी चौकातल्या दुकानाबद्दल जो अहवाल दिला त्यात जे होतं तेच लिहिलं होतं, आणि आजही त्यातलं अक्षर बदलणार नाही.

तुझी,
चिमटा

(हे नाव तू ठेवलंस. इथे अजून सगळे त्याच नावाने ओळखतात, फक्त माझ्या पाठीमागे.)


१९ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. ठीक. पाकीट परत आलं नाही, हीच माझ्या बाजूने एक नोंद.

सोमवारी नवग्रहांना एका खोलीत बसवलं. पडद्यावर चित्रं दाखवली, रंगीत खांब दाखवले. सगळे लग्नातल्या भाषणाला बसावेत तसे बसले होते, म्हणजे जेवणाकडे कान लावून. मी म्हटलं, "उदाहरणार्थ, मांजराचं खाणं घेणारं गिऱ्हाईक महिन्याला इतरांच्या दीडपट सामान नेतं."

वजनकाटा म्हणाला, "बाई, माझ्या दुकानात मांजराचं खाणं तिघं घेतात. त्यातल्या एकाकडे मांजर नाही."

"मग तो कशाला घेतो?"

"शेजारणीकडे आहे."

खोली एवढी हसली की पडद्यावरचे खांबसुद्धा हलले. "हे तुमच्या तक्त्यात आहे?" त्याने विचारलं. नव्हतं.

हसू ओसरल्यावर मावशी बोलल्या. मावशी हसत नाहीत, त्या पदराला हात पुसतात आणि मुद्द्याला हात घालतात. "मला एवढंच सांग. हा कागद मला माझ्या दुकानाबद्दल सांगतो, की साहेबांना माझ्याबद्दल सांगतो?"

मी म्हटलं, दोन्ही.

"मग माझ्या काचा स्वच्छ राहू देत," मावशी म्हणाल्या. "तुझ्या तक्त्याने सख्ख्या भावाची खुर्ची गेली. आम्ही तर तुझे कोणीच नव्हे."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. म्हण कोणी उच्चारली नाही, पण नऊ तोंडांवर नीट छापलेली होती. तुला शिव्या द्याव्यात असं त्या क्षणी मनापासून वाटलं. कंपनी सोडून चार वर्षं झाली तरी तू त्या खोलीत बसलेला होतास, दहावा, आणि सर्वांत मोठ्या आवाजात गप्प.

निघताना वजनकाट्याने शेवटचं माप टाकलं. "चार वर्षांत एकदा तरी काउंटरवर बसलात का? बिलावरून गिऱ्हाईक कळतं म्हणणं म्हणजे चपलेवरून माणसाची भूक सांगणं."

हे वाक्य तुझं आहे. मला ठाऊक आहे. तुझ्याकडून आणून मला परत विकतो.

जाते काउंटरवर. चौकातल्याच दुकानात जाते. बघू कोणाचं गिऱ्हाईक कोणाला कळतं ते.

चिमटा


७ मे

दादा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चौथं फाडणार नाही, कारण पॅड संपत आलं आहे.

तीन दिवस चौकातल्या दुकानात बसले. तुझ्या टेबलाच्या जागी आता भिंत आहे, आणि भिंतीच्या पलीकडे एक माणूस मोबाईलची कव्हरं विकतो. अलीकडे एकच काउंटर, आणि त्यावर काकू. तूच ठेवलेल्या काकू. केस पांढरे झाले, बोटं तीच. मी शेजारी स्टूल टाकून बसले आणि त्यांना सांगितलं, माझ्याकडे बघू नका, रोजच्यासारखं चालू द्या.

त्यांनी रोजच्यासारखं चालू दिलं.

गिऱ्हाईक आलं, सामान ठेवलं. बिलाआधी संगणक गिऱ्हाइकाचा फोन नंबर मागतो. दहा आकडे घातल्याशिवाय पुढे सरकत नाही. ही अट अकरा वर्षांपूर्वी, तक्ते सुरू होण्याआधी, मीच घालून घेतली होती. काकूंनी नंबर विचारलाच नाही. डोळे गिऱ्हाइकाच्या पिशवीवर, उजव्या हाताची बोटं आपली आपण चालली, टकटकटक, दहा आकडे, बिल बाहेर. पुढचं गिऱ्हाईक. पुन्हा टकटकटक. त्याच जागा, तीच लय. वीस गिऱ्हाइकांनंतर मी पडद्यावर वाकून पाहिलं. प्रत्येक बिलावर एकच नंबर.

तो मला वाचावा लागला नाही. चार वर्षं मी तो फिरवते आहे आणि तो उचलला जात नाही.

"काकू, हा नंबर कोणी घालायला सांगितला?"

"दादांनी. आता बोटांना दुसरा येतच नाही."

पुढचं मी लिहू शकते, कारण कोणी बघत नाही. खोलीवर परत आले आणि चार वर्षांपूर्वीचं सगळं उघडलं. त्या वर्षी रस्ता खणलेला होता, विक्री घटली होती, आणि साहेबांनी मला एकच गोष्ट विचारली होती: या दुकानाला पक्की गिऱ्हाइकं किती? रस्ता झाल्यावर परत येणारी किती? मी शोधलं. एक नंबर असा निघाला की जो दिवसाला दोनशे वेळा खरेदी करतो. एका दिवसात अठ्ठावन्न पाव, लहान मुलांचे लंगोट, दाढीची पाती, एकोणीस टॉवेल. मी मनाशी म्हटलं, हे अशक्य आहे, यंत्राची चूक आहे. असा नंबर यादीत ठेवायचा नसतो. त्याला आमच्यात साफसफाई म्हणतात. मी केली. नंबर नीट न वाचता, दहा आकड्यांची ओळ बघून, एका बटणावर तुला उडवला. ज्यांनी आपणहून स्वतःचा नंबर सांगितला होता तेवढीच उरलेली माणसं मोजली आणि लिहिलं: पक्की गिऱ्हाइकं फक्त सहाशे बारा. सहाशे बारांना एवढं दुकान कशाला, म्हणून साहेबांनी भिंत घातली. तुला गोडाऊनवर जायला सांगितलं. तू राजीनामा दिलास आणि त्याच दिवशी शपथ घेतलीस की कंपनीच्या कुठल्याही दुकानाची पायरी चढणार नाही.

दुकानात गिऱ्हाईक होतं, दादा. दिवसाला दोनशे. सगळी तुझ्या नावावर उभी होती आणि मी त्यांना केरात काढलं.

(त्यातल्या त्यात एक पुण्य: तो नंबर यादीत नसल्याने तुला कंपनीचा 'तुम्ही आमच्यासाठी खास आहात' हा संदेश कधी आला नसेल. तो मीच लिहिते.)

अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर साहेब एकतीस जुलैची वाट बघणार नाहीत. नाही सांगितलं तर... तेच तर. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, अक्षर बदलणार नाही. अक्षर बदलून भागण्यासारखं नाही, अख्खा कागदच खोटा आहे.

तू तुझा नंबर का घालायला लावलास, हे मात्र मला कळलेलं नाही. आळस म्हणावं तर तुझा स्वभाव नाही. माझ्या तक्त्यांचा राग म्हणावं तर तेव्हा ते सुरू व्हायचे होते. चूक अर्धी-अर्धी आहे, असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर मोठी अर्धी माझ्याकडे आहे.

चिमटा


२१ मे

दादा,

तू फोन ठेवलास तोपर्यंतचं तुला माहीत आहे. त्याआधी आणि त्यानंतर काय झालं, ते ऐक.

आज सकाळी अकराला तिमाही बैठक होती. नऊ मॅनेजर, टेबलाच्या टोकाला साहेब. मी पडदा लावला नाही, खांब दाखवले नाहीत. एक कागद घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आज तुम्हाला कंपनीच्या सर्वांत इमानी गिऱ्हाइकाची ओळख करून देते. अकरा वर्षांत एकही दिवस चुकवलेला नाही. सणवार नाही, आजारपण नाही. दिवसाला दोनशे खरेद्या. ओळखा."

यादी वाचायला लागले. पाव, लंगोट, पाती, टॉवेल, कंगवे, सपाता. एका मंगळवारी एकतीस टूथब्रश.

"हा माणूस नव्हे, पलटण आहे!" वजनकाटा ओरडला.

"वसतिगृह असेल," होकायंत्र म्हणाला आणि साहेबांकडे बघून घेतलं, बरोबर आहे का म्हणून.

"एकतीस ब्रश?" मावशी म्हणाल्या. "तोंडं किती आहेत त्याला?"

मावशी सोडून हसले सगळे. पहिल्यांदा माझ्यावर न हसता हसले. मग मी नंबर वाचून दाखवला. सहाव्या आकड्याला वजनकाट्याचं हसू थांबलं, आठव्याला मावशींचा पदराशी चाललेला हात. तुझा नंबर आठही जणांना पाठ आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तोच तर फिरवायचा असायचा, दादा, शटर अडकलंय, दादा, ट्रक आला नाही.

आणि मी सांगितलं. साफसफाई, सहाशे बारा, भिंत, सगळं. सावकाश सांगितलं, कारण भरभर सांगितलं असतं तर रडले असते, आणि नऊ मॅनेजरांसमोर रडण्यापेक्षा मी पंखा गिळला असता.

मग वजनकाटा उठला. "हे आम्हाला कशाला सांगता? ज्याला सांगायचं त्याला सांगा." त्याने स्वतःचा फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा करून टेबलाच्या मधोमध ठेवला. माझा फोन तू चार वर्षं उचलला नाहीस. त्याचा दुसऱ्या घंटेला उचललास. हे मी लक्षात ठेवलं आहे.

तुझं पहिलं वाक्य: "काय रे, अकरा वाजता फोन? दुकान कोणाच्या भरवशावर टाकलंस?"

आठच्या आठ जण खुर्चीत सरळ बसले. साहेबसुद्धा. मी शपथेवर सांगते, साहेबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

पुढे मी बोलले ते तू ऐकलंस. तू गप्प होतास ते आम्ही ऐकलं. शेवटी तू म्हणालास, "काउंटरवर काकू आहेत ना अजून? मग मला काय विचारतेस, त्यांना विचार नंबर का घातला ते." आणि फोन ठेवलास. चार वर्षांत मला बोललेलं पहिलं वाक्य, तेही खेकसून. मला ते अजून पुरतं आहे.

आता नंतरचं. साहेब खाकरले आणि म्हणाले, "म्हणजे चार वर्षांपूर्वी तुम्ही मला चुकीचा अहवाल दिलात. मग हा विभाग एकतीस जुलैपर्यंत तरी कशाला..."

"थांबा साहेब," वजनकाटा म्हणाला. वजनकाटा! "या बाईने आपल्या हाताने आपल्या मानेवर सुरी ठेवली आहे. तुम्ही वरून दाबू नका."

"आणि नंबर काय एकट्या चौकातच खोटे पडतात?" मावशी म्हणाल्या. "माझ्या दुकानात गर्दी झाली की पोरी सरळ नऊ वेळा नऊ आणि एक शून्य मारतात. मीच सांगितलंय."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. एकेकाला कंठ फुटला. एकाने बायकोचा नंबर दिलेला. एकाने दुकानासमोरच्या लाँड्रीचा. होकायंत्राने बराच वेळ साहेबांकडे पाहिलं, सुई थरथरली, आणि तो म्हणाला, "माझ्याकडे सासूबाईंचा आहे." मी कागद चाळला. त्याच्या सासूबाई कंपनीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाईक आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी चारशे दाढीची पाती नेली.

दादा, लोक हसून टेबलावर पडले. साहेबही.

मी म्हटलं, "आकडे खोटे आहेत असं तुम्ही इतकी वर्षं म्हणत होता, ते बरोबर होतं. खोटे तुम्ही भरलेत, मी धुऊन इस्त्री केली, आणि साहेबांनी घालून मिरवले."

"मग आता काय करायचं?" साहेबांनी विचारलं. मला नाही, मावशींना.

मावशी पदराला हात पुसून म्हणाल्या, "खरे नंबर आम्ही घालू. पण तक्ता आधी आमच्या हातात. साहेबांकडे तीन दिवसांनी. दुकानाचं दुखणं आधी दुकानाला कळू दे. आणि तक्त्यावरून कोणाची खुर्ची हलवायची असेल तर आधी हिने येऊन तीन दिवस काउंटरवर बसायचं."

साहेब हो म्हणाले. लिहून दिलं. मी दोन प्रती काढल्या आहेत, एक तुला जोडते. तुझ्या खुर्चीची किंमत आहे, जवळ असावी.

चिमटा


२३ मे

दादा,

काकूंना विचारलं.

त्यांनी हातातलं बिल पुरं केलं, मग म्हणाल्या, "तुम्ही समोर बघितलंत का कधी?"

मी समोर पाहिलं. रस्ता, आणि रस्त्यापलीकडे हॉस्पिटलचं मागचं फाटक. चार वर्षांपूर्वीही ते तिथेच होतं. माझ्या तक्त्यात नव्हतं, कारण हॉस्पिटल काही विकत घ्यायला येत नाही.

"इथे येणाऱ्या दहांतल्या सहांचं माणूस आत असतं," काकू म्हणाल्या. "धावत येतात. टॉवेल, कंगवा, साबण, सपाता. घरून काही आणलेलं नसतं. नंबर मागणारं यंत्र बसलं त्या पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. मी म्हटलं, नंबर सांगा. तिला स्वतःचा आठवेना. मग नवऱ्याचा सांगायला लागली, पाच आकडे सांगितले आणि तिथेच, या काउंटरला धरून... नवरा आत होता हो. दादांनी मागून हात घालून आपला नंबर मारला. तिला म्हणाले, हे माझ्या नावावर, तुम्ही जा. रात्री आम्हाला सगळ्यांना सांगितलं, ज्याचं माणूस आत आहे त्याला दहा आकडे म्हणायला लावायचे नाहीत."

"पण मग सगळ्यांनाच कशाला लावला?"

"कोणाचं माणूस आत आहे ते कपाळावर लिहिलेलं असतं का?"

दाराशेजारी एक रिकामी जागा आहे, तिथे काय होतं विचारलं. तुझं घाईचं कपाट होतं, काकू म्हणाल्या. टॉवेल, ब्रश, पेला, चार्जर, सगळं कमरेच्या उंचीवर, आत न शिरता हाताला येईल असं. तुझ्या मागून आलेल्या मॅनेजरने, ज्याला सगळे इस्त्री म्हणतात, ते काढलं. कशावरून? तक्त्यावरून. 'या वस्तू घेणारं गिऱ्हाईक परत येत नाही.'

येत नाही, दादा. कारण त्यांचं माणूस बरं होऊन घरी जातं. किंवा जात नाही. मी त्यांना बेइमान गिऱ्हाईक म्हणून लाल रंगात रंगवलं होतं.

सांगण्यासारखं एवढं मोठं असून तू एका शब्दानेही बोलला नाहीस. तिथल्या तिथे माझ्या तोंडावर फेकलं असतंस तर भिंत झाली नसती. राग गिळायला तुला कोणी सांगितलं होतं? हा माझा तुझ्यावरचा एकमेव आरोप. बाकी सगळे मागे घेते.

चिमटा


३० जुलै

दादा,

ऐक, आणि खुर्चीत नीट बसून ऐक, कारण आज मला मिरवायचं आहे.

काउंटरच्या संगणकावर आता एक नवं बटण आहे. लाल. त्यावर लिहिलं आहे 'घाई'. गिऱ्हाईक धापा टाकत आलं, गोंधळलेलं दिसलं, किंवा नुसतं काउंटरवालीला वाटलं, तर ते दाबायचं. नंबर विचारायचा नाही. आणि ते बिल कोणा माणसाच्या नावावर न चढता 'घाई' म्हणून वेगळं मोजलं जातं, केरात जात नाही. इतकी वर्षं मी यंत्राला सगळं ओळखायला शिकवत होते. ओळखत नाही असं कबूल करायला पहिल्यांदाच शिकवलं. काउंटरवरच्या बायका त्याला दादाबटण म्हणतात. मी काही सांगितलेलं नाही, काकूंच्या तोंडाला कुलूप नाही.

दोन महिन्यांचे खरे आकडे आले. चौकात शंभरातली त्रेसष्ट बिलं घाईची. इस्त्रीने पहिल्याच सोमवारी तक्ता हातात घेतला, फाटकाकडे पाहिलं, कानाची पाळी धरली आणि स्वतः कपाट उचलून दाराशी आणून ठेवलं. त्याचा शर्ट चुरगळलेला मी प्रथमच पाहिला. आठवड्यात कपाट तीनदा भरावं लागलं.

आणि वजनकाटा! बुधवारी त्याचा फोन. "बाई, तक्ता बघितलात? मांजरवाला तीन आठवडे आला नाही."

"तक्त्यात नावं नसतात."

"नसू देत. तीन डब्यांची रांग होती, दोनची झाली. भांडण झालंय."

काल पुन्हा फोन, उत्साहात. "दोन डबे एकदम! मिटलं!" हा मनुष्य माझा तक्ता टेबलाखाली घालत होता, आता सोमवारी दहा वाजता तो पोचला नाही तर दहा पाचला विचारतो, पंखा बंद पडला का. त्याच्या टेबलाचा पाय पुन्हा डुगडुगतो.

मावशींनी दुपारचं काउंटर वाढवलं. होकायंत्राने सासूबाईंना पदच्युत केलं आणि खऱ्या गिऱ्हाइकांत अर्धी म्हातारी माणसं निघाली म्हणून दुकानात चार खुर्च्या टाकल्या. साहेबांना न विचारता टाकल्या! नऊ दुकानं, नऊ निर्णय. आज, एक दिवस आधी, मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवले.

साहेबांनी सगळे वाचले. म्हणाले, "विभाग राहील. चौकातलं दुकानही. आणि मोबाईल कव्हरवाल्याचा करार डिसेंबरला संपतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भिंत पाडायला कोणाला बोलवावं, असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, मला वाटून काय उपयोग, तो माझा फोन उचलत नाही.

बाहेर आले तर जिन्यात आठ जण उभे. कान लावून होते, हे सांगायला नको. वजनकाट्याने माझा हात असा काही हलवला की खांदा अजून दुखतो. मावशी हसल्या, दादा. हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात सोन्याचे आहेत, हे तुला माहीत होतं?

चिमटा


१२ ऑगस्ट

दादा,

आज सोमवार. तक्ते काढत बसले होते. एक नंबर मी आता मुद्दाम वेगळा काढून बघते. बैठकीच्या दिवशीच तो यादीत परत घेतला. काकूंची बोटं सुधारल्यापासून त्यावर एकही बिल नव्हतं. अकरा वर्षांचं सर्वांत इमानी गिऱ्हाईक, आणि पुढे कोरी ओळ.

आज ओळ कोरी नाही. नदीपलीकडचं दुकान, शनिवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. एक लिहायचं पॅड. एक निळं पेन. पाकिटं दहा.

मी मावशींना फोन केला. "पोरीने ओळखलं नाही," मावशी म्हणाल्या. "पायरीशी बराच वेळ उभे होते, म्हणून तिला वाटलं काहीतरी आहे, ती लाल बटण दाबायला गेली. तर म्हणाले, नको, मला घाई नाही. आणि नंबर स्वतः सांगितला. सावकाश. दहाच्या दहा."

पाकिटं दहा, दादा. नऊ मॅनेजर आणि मी. मोजायची खोड जात नाही.

माझं पहिलं लिही. मोठी मी असते तर म्हटलं असतं, आधी त्यांना लिही.

चिमटा